खाऱ्या पाण्याचा माग

हातपंप दुरुस्त करणारा तो माणूस पालमजवळच्या आमच्या गावात आला, की आधी घोटभर पाणी तोंडात घोळवायचा, मगच पान्हा काढायचा. आमची विहीर खारट झाली, तेव्हा तो विहिरीशेजारच्या ओढ्याचं पाणी चाखत चाखत वर गेला आणि पांढऱ्या पडलेल्या चोपण जमिनीपाशी थांबला.

"हितलं मीठ पावसात विरघळून खाली झिरपायलंय," तो म्हणाला.

कुणी ऐकेना, तेव्हा पावसाचं पाणी बाजूला वळवायला तो एकटाच चर खोदू लागला. शरमून आम्हीही कुदळी घेतल्या.

दोन पावसाळ्यांनी विहीर गोड झाली. विहीर खारटल्यापासून येणारा पाण्याचा टँकर आला, तर एकाही बाईनं हंडा उचलला नाही.

"परत न्या भाऊ," आई ड्रायव्हरला म्हणाली, "आमच्या पाण्यात आता डाळ शिजायलीय."