रेडिएटरमधली हळद

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी एरवी सगळंच सांगतो, गिऱ्हाइकाशी भांडलो तेही. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. म्हणूनच कदाचित तुमच्यापुढं तोंड उघडतंय.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात माझं गॅरेज होतं, टिनाच्या छपराचं. नुसत्या आवाजावरून गाडीचा रोग सांगणारा मिस्त्री म्हणून माझं नाव होतं. त्या नावाची मला फार गुर्मी होती – आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवायला नको.

एका वकीलसाहेबांची जुनी विलायती गाडी माझ्याकडं यायची. त्यांचा ड्रायव्हर देवराव ती चालवायचा. शांत माणूस, गाडी स्वतःची असल्यासारखी पुसायचा. त्या गाडीचं पाणी कमी व्हायचं – पण रोज नाही. कित्येक दिवस रेडिएटर काठोकाठ, आणि मग एखाद्या दिवशी वर्ध्याहून येता येता अर्धा रिकामा. खाली मात्र थेंब नाही. मी पाहिलं – म्हणजे, पाहिल्यासारखं केलं. थंड गाडीवर हात फिरवला. गाडी तापली की पाइपाचं रबर सैल पडतं, पाणी तेव्हाच झिरपतं आणि तापल्या इंजिनावर तिथंच सुकतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण त्यासाठी गाडी लांबवर पळवून आणायची, आणि ती धगधगत असतानाच तिच्याखाली शिरायचं. नागपूरचा मे महिना. मी शिरलो नाही.

साहेब घाई करत होते. ‘सापडलं नाही’ म्हणायला माझी जीभ वळेना. मग मी देवरावला म्हणालो, “घरून मूठभर हळद आण गा.” तेव्हा आम्ही सगळेच हे करायचो – रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती बारीक फटीत जाऊन बसते, गळती थांबते. घरी पोचण्यापुरता इलाज. तो कचरला. “साहेबाले विचारू का?” म्हणाला. मी हसलो. “साहेबाले काय समजते त्यातलं? आण तू.” त्याच्या बायकोनं घरी कुटलेली हळद तो कागदाच्या पुडीत घेऊन आला. टाकली मी, माझ्या हातानं. आणि साहेबांना सांगितलं – गळती सापडली, बंद केली.

खरंच थांबली. मी विसरूनही गेलो. हळद मात्र आतच होती, नळ्या बुजवत होती. कुहीच्या रस्त्यावर भर दुपारी इंजिन तापून जाम झालं. तापमानाचा काटा तर केव्हाच मेलेला – देवरावला कळणार कसं?

गाडी ओढून आणली. साहेबांच्या समोर मी रेडिएटर खोलला आणि पिवळा गाळ भदकन खाली पडला. गॅरेजभर हळदीचा वास सुटला.

“हे कोणी टाकलं?” साहेबांनी विचारलं.

मला विचारलं होतं. देवराव माझ्याकडं पाहत होता. मी बोलेन म्हणून तो गप्प होता, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि मी काय बोललो?

“ड्रायव्हर लोकच टाकतात, साहेब. आमाले कोण विचारते?”

साहेब त्याच्याकडं वळले. “तुझ्या घरची हळद आहे का ही?” त्याला खोटं बोलता आलं नाही. “हो जी,” म्हणाला, “पण मिस्त्रीनंच –” पुढचं मी कोणाला ऐकूच दिलं नाही. पाना आपटला आणि इंजिनाचं काय काय जळालं ते मोठमोठ्यानं सांगत सुटलो.

त्याची नोकरी तिथंच गेली. साहेबांच्या ओळखी मोठ्या. इंजिन जाळणारा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव झालं, आणि कोणी त्याच्या हाती गाडी देईना. खरी गळती मला इंजिन उतरवताना सापडली – रेडिएटरच्या खालच्या रबरी होज पाइपाला, क्लिपच्या आत, एक चीर. पाइप बदलला, जुना फेकून दिला. तेव्हा तरी साहेबांकडं जाता आलं असतं ना? साहेब रागावले असते, एक गिऱ्हाईक तुटलं असतं. बस, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोला माहेरून आणायला स्टेशनवर गेलो होतो. बाहेर येऊन सायकलरिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं मान वळवली. “नीट बसा, मिस्त्री,” म्हणाला. देवराव. आवाजात रागसुद्धा नव्हता.

बायकोनं विचारलं, “ओळखता का जी याले?”

मी नाही म्हणालो. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

पुढं पुलाचा चढ लागला. तो खाली उतरला आणि हँडल धरून आम्हा दोघांना ओढू लागला. सदरा पाठीला चिकटला होता, पोटऱ्या थरथरत होत्या. बायको उतरायला निघाली. मी तिचा हात धरून तिला बसवून ठेवलं. उतरलो असतो तर त्याच्या शेजारून चालावं लागलं असतं.