धावपट्टीवरचे दिवे

"येतो हं," असं म्हणूनच तो निघायचा. इंगोलश्टाटच्या आमच्या ऑफिसात जर्मन सहकाऱ्यांनाही तो तेच भाषांतर करून ऐकवायचा, "इश कोमे." बिचारे त्याची वाट बघत थांबायचे. "जातो म्हणू नये गं," एवढंच त्याचं म्हणणं. असा एखादा हट्टी प्राणी तुमच्याही ऑफिसात असेलच.

कडाक्याच्या थंडीत गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायला कंपनी त्याला हिवाळ्यात कॅनडाच्या पार उत्तरेला पाठवायची. तिथे खडीची एक धावपट्टी होती. लष्कराने रडारसाठी बांधलेली आणि रडार बंद पडल्यावर वाऱ्यावर सोडलेली. शेजारी छोटीशी वस्ती. रस्ता नाहीच, आजारी माणसाला हलवायचं तर विमानानेच. धावपट्टीची देखभाल एक म्हातारी बघायची.

पहिल्या खेपेला निघताना हा तिलाही म्हणाला, "आय ॲम कमिंग." मुक्कामी पोचल्यावर त्याने फोन केला, तर बाई विचारते, आहात कुठे, मी डबे पेटवून बसलेय. लष्कराचे दिवे कधीच बंद पडले होते. अंधारात विमान यायचं असलं की ती पट्टीच्या दोन्ही कडांना रॉकेलचे डबे पेटवून ठेवायची. हा किस्सा ऐकून आमची हसून हसून मुरकुंडी वळली. तो मात्र हसला नाही. त्या थंडीत म्हातारी माझ्या एका शब्दापायी बसून राहिली, म्हणाला.

शेफच्या, म्हणजे आमच्या जर्मन साहेबाच्या, मागे लागून त्याने नव्या दिव्यांचं कबूल करून घेतलं. शेफ तिथे जाऊन, म्हातारीचा हात हातात घेऊन, तिला शब्द देऊन आला. पुढच्या वर्षी कंपनीने चाचण्या स्वीडनला हलवल्या आणि शब्द तिथेच बर्फात राहिला.

हा दर सोमवारी मीटिंगमध्ये विचारायचा, "दिव्यांचं काय झालं?" लोक मोबाईलमध्ये डोकं घालायचे. शेवटी शेफ वैतागला.

"आल्झो, हे बघ, रडार गेलं. आता ती पट्टी कोणाचीच नाही."

"माणसं राहतात तिथे," तो म्हणाला. "त्यांची आहे."

लगेच त्याला चाचण्यांवरून काढून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी शेफच्या केबिनमध्ये शिरून भांडले. त्याने शांतपणे मला कॉफी विचारली. निर्लज्ज माणूस!

याने गोदामातूनच राजीनामा दिला. थंडीत टिकणाऱ्या बॅटऱ्यांचे दिवे स्वतः विकत घेतले, तिकडे नेले आणि म्हातारीच्या मदतीने बसवले. पेटलेल्या दिव्यांच्या दोन रांगांचा फोटो त्याने हरखून आम्हा सगळ्यांना पाठवला, शेफलासुद्धा. मग पुण्याला कायमचा परतला.

परवा बघते तर तोच फोटो आमच्या रिसेप्शनच्या भिंतीवर, पुरुषभर उंच, खाली कंपनीचं नाव आणि 'दिलेला शब्द पाळतो'. मी शेफला तिथेच अडवून विचारलं, यात तो कुठे आहे?

"तो कसा दिसेल?" शेफ म्हणाला. "फोटो त्यानेच काढलाय ना."