कॅनडाचा खड्डा आणि आमची पांदण

पहिलंच सांगते, कॅनडा बघायची हौस मला नव्हती. पोरीचं बाळंतपण होतं म्हणून गेले. निघताना आमच्या ह्यांनी एकच काम सांगितलं, "येताना नातीले घेऊन ये." नातच होणार, हेही त्यांनीच ठरवून टाकलं होतं. स्वतः येऊ शकत नव्हते. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं की उन्हाळी धानाला पाणी लावायला घरचं माणूस लागतं.

अडचण जावयांची होती. जावई पुण्याचे. लग्नानंतर एकदाच गावी आले, आणि डांबरी रस्ता सोडून आमच्या घराकडे येणाऱ्या पांदणीत त्यांच्या गाडीचं पोट घासलं. पोरीला दिवस गेल्यापासून एकच पालुपद, "आई, त्या रस्त्यावर लहान बाळ नको."

गोंदियाहून नागपूर, मग दिल्ली, मग कॅनडा. शहराचं नाव सांगत नाही, जावयांची नोकरी आहे तिथे. जाणाऱ्यांनी बर्फातले बूट तिकडेच घ्यावेत, पण किंमत रुपयांत काढू नये. जेवण जात नाही.

पहिला बर्फ पडला तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले. एवढं पांढरं मी फक्त राईस मिलमध्ये पाहिलं होतं. आठवड्यात हौस फिटली. जावई सकाळी फावड्यानं गाडी उकरून काढत, तेवढ्यात बर्फ ढकलणारा ट्रक येई आणि सगळा ढीग परत गाडीवर लोटून जाई. तरी जावई कौतुकानं म्हणत, "सिस्टीम बघा आई, रस्ता कसा साफ!" रस्ता साफ, गाडी गायब. वर रस्त्यावर मीठ इतकं, की घरात येईपर्यंत साडीचा काठ पांढरा. भाजी मात्र अळणी, जावयांना बीपी ना!

नात झाली. गोरी, रागीट, थेट आजोबांवर गेलेली. हे रोज फोनवर तिला बघत आणि मला विचारत, "तिकिटाचं काय झालं?"

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि खालून रस्ता निघाला. अव माय! रस्ता कसला, खड्डेच खड्डे, मध्ये डांबर चवीपुरतं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाळाला लस द्यायला निघालो, तर कोपऱ्यावरच धाडकन टायर फुटलं. नात झोपेतून दचकून किंचाळली. जावई म्हणाले, "काही नाही, काही नाही, ती घाबरलेली नाही." खड्डा कॅनडाचा होता ना, बाळाला चालतो.

आमच्याकडे असा खड्डा पडला की कोणीतरी पळसाची फांदी खोचून ठेवतं, मागच्याला दिसावं म्हणून. तिथे पळस कुठला? नाताळानंतर कोणी फेकलेलं झाड बर्फाखालून वर आलं होतं, तेच ओढत आणून मी खड्ड्यात उभं केलं. जावई लाजेनं लाल. "आई, इथे असं करत नाहीत!" त्यांनी फोनवरून रीतसर तक्रार केली, तक्रार मिळाल्याचं सुंदर उत्तरही आलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या झाडाला एक चकचकीत गोळा लटकवला. गाड्या झाडाला वळसा घालून जायला लागल्या.

मी संधी साधली. "आता तरी न्याल ना बाळाला गावी?"

"इथे खड्डे थंडीमुळे पडतात, आई. फटीत पाणी गोठतं, फुगतं. त्यामागे सायन्स आहे."

म्हणजे आमचे खड्डे अडाणी. मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी मोजकंच बोलले. आणि एप्रिलमध्ये एकटीच परत निघाले.

हे मोटारसायकल घेऊन बसथांब्यावर आले होते. माझ्या मागे कोणी उतरतंय का, तेच बघत राहिले. मला रडूच आलं. पांदणीला वळलो, आणि गाडी एकदाही आदळली नाही. खाली लाल मुरूम, दाबून बसवलेला, पार घरापर्यंत.

"सरकारनं केला?"

"सरकार कायले करते? मीच टाकला ट्रॅक्टरनं. पोरगी येणार होती ना, नातीले घेऊन."

मी मागे बसल्या बसल्याच जावयांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन रस्त्याकडे धरला. "बघा." जावयांनी नीट बघितलं. मग म्हणाले, "छान आहे आई. पण पावसात वाहून जाईल."

तेवढ्यात फोनच्या मागून माझी पोरगी नवऱ्याला म्हणाली, "तर मग वाहून जायच्या आधी जाऊ. मी मे महिन्याचं तिकीट काढून राहिली. तुमचं काढू का नको, तेवढं सांगा."

ह्यांनी गाडी थांबवली. उतरले, आणि मुरमातून वर आलेला एक दगड पायानं बाजूला सारला.