चार चावीवाले

गळ्यावर बोटानं चार वेळा टकटक केल्याशिवाय आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सरांचा तास सुरू होत नसे. "हितं चार चावीवाले बसलेत की!" म्हणायचे. चावीवाले म्हणजे गळ्यातल्या चार इवल्याशा परावटू, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, पालिकेचा चावीवाला येऊन व्हॉल्व्ह फिरवेल तेव्हाच येतं, त्यामुळे उदाहरण पोरांना लगेच कळायचं. रक्त म्हणजे नळ, हाडं म्हणजे गच्चीवरची टाकी. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की चावीवाले संप्रेरक सोडतात आणि टाकीतलं कॅल्शियम खाली उतरतं. शिवाय मूत्रपिंडाला दम भरतात, "सांडू नगंस!" आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातूनही ओढून घेतात. ते ड उन्हातून मिळतं हे दाखवायला सरांनी भर एप्रिलात अख्खा वर्ग गच्चीवर नेला. पोरं भाजलेल्या वांग्यासारखी खाली आली. प्राचार्य भडकले, तर सर म्हणाले, "सायेब, प्रात्यक्षिक हाय."

मी रसायनशास्त्राची, स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची. सरांना मुतखडा झाला, पुन्हा झाला, तेव्हा त्यांनी सगळं खापर बोअरच्या जड पाण्यावर फोडलं. मला पाणी तपासायला लावलं, घरी विकतच्या पाण्याचा जार लावला, दूध सोडलं, शेंगाचटणीसुद्धा सोडली. सोलापूरच्या माणसानं शेंगाचटणी सोडायची म्हणजे, तुम्हीच सांगा, संन्यासच की! तरी खडे थांबेनात. त्यात विसरभोळेपणा वाढला. एकदा कॉमर्सच्या वर्गात शिरून तासभर चावीवाले शिकवून आले. पोरांना आवडलं म्हणे.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. रिपोर्ट बघून त्यांनी स्वतःच्या गळ्यावर चार वेळा टकटक केली.

"सर, तुमचा एक चावीवाला पिसाळलाय. टाकी उपसून रक्तात ओततोय, म्हणून खडे आणि म्हणूनच विसरभोळेपणा. काढावा लागेल."

"आँ? माजाच?"

आवाजाची नस त्या ग्रंथींना खेटूनच असते, हे सरांनीच आयुष्यभर शिकवलेलं. "मॅडम, आवाज गेला तर मी काय करू वो?" त्यांनी मला हळूच विचारलं.

ऑपरेशननंतर सर शुद्धीवर आले तेव्हा आम्ही सगळे कान टवकारून उभे. घोगरा, पण खणखणीत आवाज आला, "कुटं हाय त्यो? बरणीत दावा की!" मी हसता हसता रडले.

औंदा सर निवृत्त होऊन मैंदर्गीला गावी गेले. शेवटच्या तासाला बोट सवयीनं गळ्यावर गेलं. टक, टक, टक. चौथ्या वेळी ते हवेतच थांबलं. मग मागच्या बाकावरून पोरांनीच चौथी टकटक वाजवली.