जिभेखालच्या गोळीचा वाटा

“पोरगी बोलत न्हाय, पन वाचते सगलं,” शेजारची काकी आईच्या कानाशी लागून म्हणाली.

मी ओटीच्या कोपऱ्यात बाबांच्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडून बसले होते. हातभर लांब, अक्षर मुंगीएवढं आणि सगळं इंग्रजीत. थळच्या आमच्या आळीत तो वाचू शकणारी बहुधा मी एकटीच होते. गप्प बसणारीही मी एकटीच.

बाबांना अँजायना आहे. हृदयाला रक्त कमी पडतं. चढ चढला किंवा जाळं ओढलं की छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतं. अलिबागच्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि वर एक वेगळी पट्टी. दुखलं की खाली बसायचं, एक गोळी जिभेखाली ठेवायची, थांबलं नाही तर थेट दवाखाना. पट्टी कायम खिशात हवी. शिवाय मीठ कमी, तळलेलं बंद, विडी बंद, रोज चालणं.

घराने सगळं मनावर घेतलं. बाबांनी एकट्याने चालू नये म्हणून चौघेजण सोबत निघायचे, आणि चौघांनाही दम लागायचा तो नेमका भजीच्या गाडीपाशी. आईने कालवणात मीठ निम्मं केलं. खाऱ्या बांगड्याला मीठ उन्हाळ्यातच लावलेलं, म्हणून ते आजचं धरायचं नाही असं ठरलं. विडी बाबांनी सोडली, म्हणजे विकत घेणं सोडलं.

बघायला येणारं कोणी रिकाम्या हाताने येत नव्हतं. मधात बुडवलेला लसूण, अर्जुनाची साल, आलं-लिंबाचा काढा. प्रत्येक बरणीने कोणाच्या तरी मेव्हण्याचं ऑपरेशन टाळलेलं होतं. आई सगळ्यांचं मन राखायला सगळ्यातला एकेक चमचा बाबांना द्यायची. त्यावर पोटात जे व्हायचं त्यासाठी आणखी एक बरणी होती.

बाबांनाही काहीतरी परत द्यायला हवं होतं. आमची होडी किनाऱ्याला लागली की मासळी विकायच्या आधी ज्या घरात दर्यावर जाणारं कोणी नाही त्या घरी एक वाटा जातो. आजोबा द्यायचे, बाबा देतात. आपल्याजवळ आहे आणि समोरच्याला दिलं नाही, हे त्यांना जमतच नाही.

“नाखवा, माज्या पन छातीन जलजलतं हो,” समोरच्या घरातले काका बाबांना म्हणाले. “दे ना एक.”

बाबांनी कात्री मागवली आणि पट्टीतली एक गोळी कापून दिली. काकांनी ती जिभेखाली ठेवली, उठले आणि दारातच मटकन खाली बसले. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. पाणी पिऊन सावरल्यावर त्यांनी निकाल दिला, “कडक हाय औषध!”

दुसऱ्या दिवशी तिघं आले.

मी एकदा बोलून पाहिलं. “त्याने बीपी एकदम खाली येतं,” मी पुटपुटले.

“मंग बरंच हाय,” काकी म्हणाली, “माजं वर गेलंय.”

ओटी हसली. मी कागदाची घडी घालायला लागले. ती पहिल्यासारखी पडत नव्हती, त्यामुळे बराच वेळ मान खाली घालून बसता आलं.

आठवड्याभराने सकाळी मी किनाऱ्यावर बाबांचा डबा घेऊन गेले होते. मासळीचा टब उचलून ते वाळूचा चढ चढत होते. मध्येच थांबले, टब खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी बसले. चेहरा घामाने डबडबलेला. खिशातून पट्टी काढली. एकही गोळी नव्हती. बाबा त्या पट्टीच्या तुकड्याकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाच्या खिशातून निघाला होता.

समोरचे काका धावले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. घरातून एक गोळी घेऊन आले. सासूबाई येतील तेव्हा लागेल म्हणून बाबांकडूनच आणखी एक मागून नेलेली आणि मसाल्याच्या डब्यात जपून ठेवलेली. गोळीला हळदीचा वास होता. बाबांनी ती जिभेखाली ठेवली. दुखणं कमी झालं, पण थांबलं नाही. रिक्षाने अलिबागला नेताना अख्खा रस्ता त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी पुटपुटून सोडून दिलेलं ते वाक्य तेवढा वेळ माझ्या डोक्यात फिरत होतं.

तीन दिवसांनी बाबा घरी आले. ओटी पुन्हा भरली, बरण्याही आल्या. नवी पट्टी बाबांच्या खिशातून डोकावत होती.

“नाखवा, येलंला माजीच गोली आली ना कामाला?” काका म्हणाले. “मंग तिच्या बदली एक दे.”

सगळ्यांना ते रास्त वाटलं. बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. “कात्री आण गं,” ते आईला म्हणाले.

आई कात्री शोधायला लागली. ती सकाळपासून माझ्या मांडीखाली होती. मी ती काढून हातात धरली आणि उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

“नाही मिळणार, काका. मासळीचे वाटे होतात, या गोळीचे नाही. तुमची छाती दुखत असेल तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ, मी येते सोबत. पण ही पट्टी बाबांच्या खिशातच राहील.”