त्याच ढिगाऱ्यातून आलेली बहीण

औशाजवळच्या पुनर्वसित गावातून एसटीने आलेली ती बाई आणि तिच्या मांडीवरची पिशवी मी आजही विसरलेलो नाही.

भूकंपाला काही वर्षे लोटली होती. मी लातूरला फौजदार होतो. शिकवण्यांमुळे गल्लोगल्ली मुलामुलींच्या भाड्याच्या खोल्या झाल्या होत्या. संध्याकाळी कुणीतरी ‘हललं, हललं’ असे ओरडे. मुले अनवाणी रस्त्यावर धावत आणि परत येईपर्यंत घड्याळे, कॅल्क्युलेटर नाहीसे झालेले असत. शेवटच्या खेपेस एक मुलगी जिन्यावरून कोसळली. पाय मोडला, बारावीची परीक्षा हुकली.

बाईने पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. घड्याळेच घड्याळे. ती भावाने सांभाळायला दिली होती.

“पोरगी पडल्याचं ऐकलं अन् घास गिळंना, साहेब,” एवढेच ती म्हणाली.

तिची दोन लेकरे भूकंपात गेली होती. माहेरचा हा एकच भाऊ उरला होता. तरीही तिने जबाब दिला आणि सही केली.

भावाला दुपारी ताब्यात घेतले. वस्तू उचलल्याचे त्याने लगेच मान्य केले. ओरडणारा मात्र दुसराच कुणी, असे तो सांगत राहिला. शिवाय आपण कुणाला हात लावला नव्हता, मुले आपणहून पळाली, पोरीने बघून उतरायला हवे होते. आमच्या ढिगाऱ्यातली भांडी लोकांनी नेली तेव्हा कोणता पोलीस आला होता, असेही त्याने विचारले. ऐकता ऐकता मी मनातल्या मनात मान डोलावू लागलो होतो, हे लिहिताना संकोच वाटतो.

बहीण बाकावर बसून सारे ऐकत होती. परवानगी घेऊन ती त्याच्यासमोर आली.

“दादा, तुझी भांडी गेली. माझी लेकरं गेली. मग मी किती जणांच्या लेकरांना भिववू?”

त्याने तोंड फिरवले. ती पुन्हा त्याच्यासमोर गेली.

“ती पोरगीबी आपल्यावाणीच पळाली. कुणामुळं, ते तेवढं सांग.”

तो म्हणाला, “मीच वरडलो.” पुढे न्यायालयातही त्याने शब्द फिरवला नाही.

गुन्हा करण्याआधीच माणूस मनातल्या मनात स्वतःची निर्दोष सुटका करून घेतो, हे मी त्या चौकशीत शिकलो. तिथे वकीलही तोच आणि न्यायाधीशही तोच. तसा निकाल लावून घेण्याचे कारण बहिणीजवळ भावापेक्षा मोठे होते. तिने तो कधी लावून घेतला नाही. कुणावर अन्याय झाल्याचे ऐकले की मला तिची आठवण येते, आणि माझ्या मनातले निकाल मी पुन्हा तपासतो.

पहिल्या तारखेला ती न्यायालयात आली, तेव्हा तिच्या एका हातात भावाचा डबा होता. दुसऱ्या हाताने तिने पाय मोडलेल्या त्या मुलीला धरले होते. मुलीला एकेक पायरी चढवून तिने वर न्यायदालनात बसवले. मगच ती खाली, भावाला घेऊन थांबलेल्या आमच्याकडे आली आणि भावाला डबा देऊ का, असे तिने मला हळू आवाजात विचारले.