स्मरणिकेतला दवाखाना

विद्यापीठाच्या ग्रंथपाल बाईंना मुलं पाठीमागे 'फौजदारबाई' म्हणत, आणि त्यात मुलांचं फारसं चुकत नव्हतं. घरी नवरा "जेवलो" म्हणाला तरी बाई ताट बघून येत. पहिल्या वर्षाच्या मुलांना माहितीची पारख शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. व्याख्यान त्या देतच नसत. एक प्रश्न द्यायचा आणि म्हणायचं, "शोधा. पण कोणी सांगितलं आणि सांगण्यात त्याचा फायदा काय, हे लिहिल्याशिवाय माझ्याकडे फिरकू नका."

यंदाचा प्रश्न साधा होता: ग्रंथालयाची ही इमारत पूर्वी काय होती? एकोणचाळीस मुलांनी लिहिलं, दवाखाना. एका मुलीने लिहिलं, साबणाचा कारखाना. खाली संदर्भ म्हणून एकच शब्द: आजोबा.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुलगी मागच्या बाकावरची, अबोल. शोधायचा कंटाळा आला असेल, दिलं ठोकून. खोटा संदर्भ दिला तर सत्र बाद, असा नियमच होता. विभागप्रमुखांना पत्र लिहून, सही करून त्यांनी मुलीला बोलावलं.

"आजोबा हा काय संदर्भ झाला?"

"ते इथेच कामाला होते, मॅडम. साबणाच्या वड्या कापायचे."

"काही कागदपत्र?"

"नाही."

"मग कारखाना म्हणा नाहीतर राजवाडा म्हणा, सारखंच की!"

मुलगी निघून गेली.

पत्रावर कोणी बोट ठेवायला नको, म्हणून दवाखान्याचा पुरावा सोबत जोडावा असं बाईंनी ठरवलं. त्या एकोणचाळीस जणांचे संदर्भ तपासत बसल्या. संकेतस्थळाने वर्तमानपत्रावरून उचललं होतं, वर्तमानपत्राने शहराच्या माहितीपुस्तिकेवरून, आणि पुस्तिकेने विद्यापीठाच्या तीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेवरून. स्मरणिका खालच्या कपाटातच होती. लेखाखाली नाव होतं खुद्द बाईंचं.

त्यांनी लेख पुन्हा वाचला. तेव्हा नोकरी नवी होती, लेख घाईत लिहिलेला. दवाखान्याचं तेव्हाच्या कुलसचिवांनी जिन्यात, चहाचा कप हातात धरून सांगितलं होतं. साहेब म्हणतायत म्हणजे असेलच, असं वाटलं. निव्वळ सांगोवांगी, ना शेंडा ना बुडखा! बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी पत्र फाडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला म्हणाल्या, "माझं चुकलं. आजोबांना घेऊन येशील? मला त्यांच्याकडून सगळं नीट लिहून घ्यायचंय."

"ते नाही यायचे."

"का गं?"

"एकदा आले होते. बाबांनी त्यांना स्मरणिकेतला लेख वाचून दाखवला होता, तेव्हा चूक झालीय म्हणून सांगायला आले. ग्रंथालयाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, वाचता येतं का? ते नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, वाचता येत नाही, मग चुका कसल्या काढता? आणि खिडकी लावून घेतली."

बाईंनी डोक्याला ताण दिला, पण तो माणूस काही आठवेना. खिडकीत मात्र तेव्हा त्या एकट्याच बसत.

"ती बाई मीच," त्या म्हणाल्या.

"माहितीय," मुलगी म्हणाली. "आजोबांच्या ट्रंकेत हजेरीकार्ड आहे, कारखान्याच्या शिक्क्याचं. मी मुद्दामच नाही जोडलं. बघायचं होतं, नुसत्या माणसावर तुमचा विश्वास बसतो का."